मेथी शाबूत, माठाची चाळण: पालेभाजी स्वतःचं रक्षण किती करते?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुन्नर भागात पंधरा गुंठ्यांत तुम्ही मेथी, शेपू, पालक, तांबडा माठ, मुळा आणि थोडा कोबी घेता. दर आठवड्याला पुण्यातल्या घरांना भाजी पोचवता आणि रासायनिक फवारणी करणार नाही असा शब्द दिला आहे. यंदा मेथी-शेपूला ओरखडाही नाही, पण लगतच्याच वाफ्यात माठाची चाळण झाली आणि कोबी तर हातचा गेला. म्हणून तुम्ही विचारताय, निसर्गतःच कीड न लागणाऱ्या पालेभाज्या किंवा जाती कोणत्या, गावठी बी आणलं तर फरक पडेल का, आणि ‘माती सुधारली, जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं द्रावण) दिलं की कीड फिरकत नाही’ हे कितपत खरं.

भाजीपाल्याच्या पीक संरक्षणात मी बरीच वर्षं काम करतोय आणि स्वतःही पालेभाज्या पिकवतो. त्या अनुभवावरून आधी तुमचा प्रश्नच थोडा बदलून घेतो. सरसकट कुठलीच कीड लागत नाही अशी पालेभाजी मी पाहिलेली नाही. झाडाची प्रतिकारशक्ती नेहमी अमुक एका किडीविरुद्ध असते. ज्या गुणामुळे एक अळी लांब राहते, त्याच गुणाचा माग काढत दुसरी येते. शिवाय तो गुण पानाच्या वयानुसार, हंगामानुसार आणि तुम्ही दिलेल्या खतानुसार कमीजास्त होतो. म्हणून विचारायचं ते असं: माझ्या माठावर नेमकी कोणती अळी आहे, ती पिकाच्या कोणत्या वयात आली, आणि शेजारच्या मेथीवर का गेली नाही? याची उत्तरं मिळाली की पुढचं नियोजन सोपं होतं.

अमेरिकेतल्या कॅन्ससचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ साली पिकांच्या प्रतिकारशक्तीची तीन अंगं मांडली आणि ती अजून उपयोगी पडतात. पहिलं, किडीला ते झाड पसंतच पडत नाही, ती अंडी न घालता पुढे जाते. दुसरं, कीड खाते पण ते तिला बाधतं, म्हणजे अळी खुरटते, मरते किंवा तिची पुढची पिढी कमी होते. तिसरं, कीड खाते, पोसतेही, पण झाड ते सोसून पुन्हा फुटतं. ज्वारीत, कापसात हे तिसरं अंग फार कामाचं, कारण तिथे आपण कणीस विकतो, बोंड विकतो. पालेभाजीत पान हाच माल. पालक पुन्हा कितीही जोमाने फुटला तरी आज भोकं पडलेलं पान जुडीत बांधता येत नाही. मुळ्याचं एक बरं आहे, पाला थोडा खाल्ला गेला तरी खालचा मुळा विकता येतो. एरवी पालेभाजीवाल्याला पहिल्या दोन अंगांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि तिथेच मोठी अडचण आहे.

अडचण आपणच करून ठेवलेली आहे. कडवटपणा, तिखटपणा, खाज, पानावरची लव, दाताखाली येणारा चिवटपणा ही झाडाची हत्यारं. पिढ्यान्‌पिढ्या कोवळी, गोडसर, मऊ भाजी निवडत आपण ती एकेक करून काढून घेतली. रानातला काटेमाठ आणि आपला तांबडा माठ शेजारी लावून बघा, काटेरी सोडून मऊ पान आपण का निवडलं ते कळेल. जे आपल्या जिभेला सुखाचं, ते अळीलाही सुखाचं. त्यामुळे खायला उत्तम आणि किडीला नकोशी अशी भाजी शोधणं म्हणजे एका हाताने काढून घेतलेलं दुसऱ्या हाताने मागणं आहे.

आता कोबी घ्या, कारण तुमचं सर्वांत मोठं नुकसान तिथे झालंय आणि प्रतिकारशक्तीची गोष्ट सगळ्यात नीट तिथेच समजते. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा, नवलकोल ही एकाच कुळातली. या कुळाच्या पानात ग्लुकोसिनोलेट नावाचे पदार्थ असतात आणि त्यांना फोडणारं विकर (एन्झाइम) वेगळ्या पेशींत साठवलेलं असतं. पान अखंड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. अळीने चावा घेतला की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि मोहरी वाटल्यावर नाकात जाते ती झणझण तयार होते. बऱ्याच कीटकांना हा मारा सहन होत नाही. म्हणजे कोबी निःशस्त्र नाही, उलट आपल्या भाज्यांत त्याच्याइतकी चोख व्यवस्था थोड्यांकडेच असेल.

मग तो का गेला? कारण या कुळावरच जगायला शिकलेल्या काही किडी आहेत. नेदरलँड्समधल्या फेरशाफेल्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० सालीच दाखवलं होतं की एरवी ज्या पानांना कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या तोंड लावत नाहीत, त्यांना मोहरीवर्गीय झाडाचा रस चोपडला की त्या ती खायला लागतात. आपण ज्याला विष म्हणतो ती त्यांच्यासाठी पानावर लावलेली पाटी. तुमच्या कोबीवर बहुधा चौकोनी ठिपक्यांचा पतंग आला असणार. त्याची अळी बारीक, हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळते. सुरुवातीला ती पानाचा खालचा भाग खाऊन वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे पानावर पारदर्शक खिडक्या दिसतात. तुमच्याकडे अशा खिडक्या दिसल्या होत्या का ते आठवून बघा. जर्मनीत येना इथल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की या अळीच्या पोटात ग्लुकोसिनोलेट झणझणीत होण्याआधीच निकामी करणारं विकर असतं. कोबीचं हत्यार चालण्याआधीच ही अळी ते काढून घेते.

आणि ही कीड फक्त झाडालाच पुरून उरली असं नाही. डीडीटीला दाद न देणारी पिकावरची कीड म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जावा बेटावर तिचीच नोंद झाली, आणि जैविक म्हणून नावाजलेल्या, अळ्यांना मारणाऱ्या बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) जिवाणूच्या फवाऱ्याला शेतात दाद न देणारी पहिली कीडही हीच, १९९० साली हवाईत. तेव्हा कोबीच्या अंगच्या ताकदीवर विसंबून बिनफवारणीचा कोबी काढायचा विचार असेल तर तो सोडलेला बरा. बीटी वापरणार असाल तरी पाठोपाठ तेच मारू नका.

कोबीच्या पानावर बोट फिरवलं तर पांढरट थर निघतो. तो मेणाचा असतो. हा थर नसलेली, हिरवीगार चकचकीत पानांची झाडं कोबीवर्गात अधूनमधून निघतात. त्यांच्यावर या पतंगाच्या नवजात अळ्या नीट बसत नाहीत, खायचं सोडून नुसत्या भटकतात, आणि तेवढ्यात शिकारी कीटक त्यांना टिपतात, कारण त्यांचेही पाय अशा पानावर चांगले रोवतात. अमेरिकेत यावर बरंच काम झालं. पण त्याच चकचकीत पानांवर उड्या मारणारे पिसू भुंगेरे जास्त येतात. मेणाचा थर या भुंगेऱ्यांना अडवतो आणि अळीच्या मात्र पथ्यावर पडतो. प्रतिकारक जात म्हटल्यावर मी लगेच ‘कशाला?’ विचारतो ते यामुळे. जाता जाता, हाच थर पाणी झटकतो, त्यामुळे निंबोळी अर्क कोबीवर मारताना त्यात थोडं साबणाचं पाणी घातल्याशिवाय थेंब ठरत नाही.

माठाचा मामला निराळा आहे. चाळण झाली म्हणताय आणि पावसाळ्यातलं पीक म्हणताय, तर माझा पहिला संशय पानं गुंडाळणाऱ्या अळीवर. सकाळी वाफ्यात बसा आणि पान उलटून बघा. पातळ रेशमी जाळी, तिच्यात काळ्या विष्ठेचे बारीक कण आणि खाली फिकट हिरवी अळी, इतकी पातळ कातडीची की आतलं हिरवं अन्न दिसावं. पान दुमडून ती आतून हरितद्रव्य खरवडते, शेवटी शिरा तेवढ्या उरतात. वाफ्यातून चालताना गडद तपकिरी पंखांवर पांढरे पट्टे असलेला छोटा पतंग उडून दोन हातांवर बसत असेल तर शंका नको.

या अळीचं खाद्य माठाचं कूळ. त्यात माठ, राजगिरा, तांदुळजा, चाकवत आलेच आणि आपला पालकही आला. घोळीवरही ती जगते. बरेच शेतकरी माठ खराब झाला म्हणून त्याच वाफ्यात पालक टाकतात आणि पुन्हा कपाळाला हात लावतात. अळीच्या दृष्टीने तुम्ही पीक बदललेलंच नसतं. बांधावरचा काटेमाठ आणि रानतांदुळजा हे तिचं मधल्या काळातलं घर. बाकी तण मी कधी कधी मुद्दाम राहू देतो, पण माठाच्या प्लॉटशेजारी ही दोन नाही.

लाल माठाला हिरव्यापेक्षा कीड कमी लागते का, असंही तुम्ही विचारलंय. रंगावरून सरसकट असा नियम मला दिसलेला नाही. लाल पानावरची हिरवी अळी आपल्याला लवकर दिसते आणि वेचायला सोपी जाते, तेवढा फायदा मात्र खरा.

मग मेथी आणि शेपू का वाचले? यात त्यांच्या अंगच्या गुणाचा वाटा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. मेथीत सॅपोनिनसारखे कडू पदार्थ आहेत, शेपू-कोथिंबिरीत उग्र वासाची तेलं आहेत, हे बरोबर. पण मुख्य कारण साधं आहे. तुमच्या शेतात यंदा ज्या दोन किडी माजल्या, त्यांच्या जेवणात मेथी-शेपू येतच नाहीत. मेथी-शेपूचं गिऱ्हाईक, म्हणजे त्यांच्यावर येणाऱ्या किडी, वेगळ्या. थंडीत आठ दिवस ढगाळ हवा राहू द्या, मेथीच्या शेंड्यावर मावा दिसेल, पानावर नागअळीच्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसतील. कोथिंबीर फुलावर गेली की तिलाही मावा धरतो. आणि तंबाखूची पानं खाणारी अळी आली तर ती कुळ-गोत्र काही बघत नाही. अळवाची पानं आपल्या घशाला खाजवतात ती कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांमुळे, चिंच-कोकम घातल्याशिवाय आपण ती खात नाही, ही अळी मात्र कच्चीच फस्त करते.

मेथी वाचण्याचं आणखी एक कारण म्हणजे तिचं आयुष्य. पंचवीस-तीस दिवसांत ती उपटून बाजारात जाते. कीड येऊन अंडी घालते, अळ्या निघतात, मोठ्या होतात, पतंग होऊन पुन्हा अंडी घालतात, आणि खरं नुकसान या दुसऱ्या पिढीपासून दिसतं. तोवर मेथी घरोघरी कढईत परतलेली असते. पेंटर यांनी अशा निसटून जाण्याला खरी प्रतिकारशक्ती मानलं नव्हतं, आणि आनुवंशशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण पंधरा गुंठ्यांवर बिनफवारणीची भाजी काढणाऱ्याला मी सांगेन की तुमच्या हातातलं सगळ्यात भरवशाचं अंग हेच. कोबीला रोप लावल्यापासून गड्डा भरेपर्यंत दोन-अडीच महिने लागतात. उन्हाची ऊब वाढली की चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. हिशोब तुम्हीच करा.

एका भाजीबद्दल मात्र मोकळेपणाने कौतुक करावंसं वाटतं, ती म्हणजे हरभऱ्याची. थंडीत पहाटे हरभऱ्यातून चाललात तर धोतर असो की पँट, ओली होते आणि अंगाला चुणचुणते. पानांवरच्या बारीक केसांच्या टोकाशी आम्लाचे थेंब असतात, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. दवात मिसळलेली हीच आंब. रात्री पिकावर फडकं पसरून सकाळी पिळून ती गोळा करायची रीत जुन्या लोकांना ठाऊक आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट संस्थेत हरभऱ्यावर जे काम झालं, त्यात ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटे अळीची वाढ मंदावते असं आढळलं. अळी येतच नाही असं नाही, पुढे घाट्यात ती येतेच, पण आपल्याला घाटे हवेत कुठे? कोवळे शेंडे खुडून भाजी विकायची, शेंडा खुडला की फुटवे वाढतात, पुन्हा खुडायचं. पाऊस झाला किंवा तुषार सिंचन लावलं की आंब धुऊन जाते, म्हणून या भाजीला पाणी सरीतून द्या. अंगच्या प्रतिकारशक्तीचं जिवंत उदाहरण बोटाने चाखून बघायचं असेल तर हे. ग्राहकांनाही ही भाजी आवडते आणि शहरात सहज मिळत नाही.

गावठी बियाण्याचं आता. गावठी म्हणजे काटक, हा समज अर्धाच खरा आहे. पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याच मातीत घेतलेलं बी तिथल्या पाण्याच्या ताणाला, थंडी-उन्हाला सरावलेलं असतं आणि कधी कधी त्याचं पान थोडं जाड, थोडं कडवट असतं. तसं असेल तर मावा थोडा कमी दिसतो, हा माझा अनुभव आहे. पण पानं गुंडाळणारी अळी गावठी आणि संकरित असा भेद करत नाही. बियाण्याच्या पाकिटावर ‘प्रतिकारक’ लिहिलेलं असतं ते पालेभाजीत बहुतेक वेळा रोगाबद्दल असतं, किडीबद्दल नसतं. उदाहरणार्थ, बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का सुगुणा’ ही माठाची जात पांढऱ्या तांबेऱ्याला बऱ्यापैकी टिकते. अळीपासून संरक्षण ती देईल अशी अपेक्षा तिच्याकडून ठेवायची नाही. दुकानदाराला ‘कशाला प्रतिकारक?’ एवढं विचारायची सवय लावून घ्या.

पालेभाजीत किडीला प्रतिकारक जात तयारच करता येत नाही असंही नाही. युरोपात लेट्यूसच्या बाबतीत ती झाली. रानटी लेट्यूसमधून एक जनुक आणून त्यावरच्या माव्याला अजिबात थारा न देणाऱ्या जाती निघाल्या आणि भरपूर लागवड झाली. २००७ मध्ये युरोपात त्या जातींवरही आरामात जगणारा मावा सापडला. सगळीकडे एकच कुलूप लावलं की किल्ली बनवणाऱ्याचंही काम सोपं होतं. त्यामुळे उद्या एखादी खात्रीची जात मिळाली तरी सगळा प्लॉट तिचाच करू नका.

तिसरा प्रश्न मातीचा, आणि यावर आपल्याकडे दोन्ही बाजूंनी जरा जास्तच बोललं जातं. एक बाजू म्हणते निरोगी झाडाला कीड लागत नाही, दुसरी म्हणते ते सगळं थोतांड. शेतात बघाल तर उत्तर किडीप्रमाणे बदलतं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींच्या बाबतीत पहिल्या बाजूत तथ्य आहे. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानाच्या रसात विद्राव्य अमिनो आम्लं वाढतात, पेशींची भिंत पातळ राहते आणि माव्याची पिल्लावळ झपाट्याने वाढते. पालाश (पोटॅश) कमी पडलं तरी रसाचं तसंच होतं. शाबूसू नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तर आपली सगळी मांडणी यावरच उभी केली होती. पण पान कुरतडणाऱ्या, एकाच कुळावर पोसणाऱ्या किडींना हे लागू पडत नाही. चौकोनी ठिपक्यांचा पतंग कोबीचं सगळ्यात तजेलदार रोप बघून अंडी घालतो, असं मी कैकदा पाहिलंय. त्यामुळे माती कितीही सुधारली तरी ही कीड येणार, आणि ती आली म्हणजे तुमची माती वाईट असा ठपका स्वतःवर ठेवू नका.

यातली खरी गोम अशी की ‘मी युरिया टाकत नाही’ म्हणणाऱ्यांच्या शेतातही नत्र जास्त झालेलं असतं. ताजं कोंबडी खत, न कुजलेलं शेण, दर पाण्याला सोडलेली स्लरी. झाडाला नत्र कुठून आलं याच्याशी देणंघेणं नसतं. पालकाचं पान गडद काळपट हिरवं, देठ लांब आणि लेचापेचा, जुडी बांधून तासाभरात मान टाकते, असं दिसलं की समजायचं. अशा पानाखाली मावा आधी सापडतो. जीवामृताला माझी ना नाही, जमिनीला ते बरंच आहे, पण ते किडीविरुद्धचं कवच नाही. कोंबडी खत वापरत असाल तर ते आधी चांगलं कुजू द्या. आणि पालकाच्या दोन सारख्या वाफ्यांपैकी एकाला खत निम्मं देऊन बघा. दोन्हीकडची काही पानं उलटून मावा मोजा, वजनही करा. तुमच्या मातीत किती खत पुरतं हे माझ्यापेक्षा तो वाफा अचूक सांगेल. पाण्याचंही असंच, आज तुडुंब आणि मग चार दिवस कोरडं असं चाललं की झाड तणावात येतं आणि मावा साधून घेतो.

आता जो मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण माझ्या मते तुमच्या नुकसानीचं मोठं कारण तोच आहे. दर आठवड्याला भाजी पोचवायची म्हणून तुम्ही दर आठवड्याला नवा वाफा टाकता आणि सोयीसाठी तो जुन्याला लागूनच असतो. मेथीसारखी भाजी लवकर निघून किडीला चकवते म्हटलं, तो फायदा इथे तुम्ही घालवता. जुन्या माठावर पतंग झालेला असतो आणि दोन फुटांवर कोवळा माठ वाढून ठेवलेला. त्याला उडायचेही कष्ट नाहीत. मोठा व्यापारी शेतकरी सगळं एकदम पेरतो, एकदम काढतो, त्याला हा त्रास तुमच्यापेक्षा कमी होतो. तुमची विक्रीची पद्धत बदला असं मी म्हणत नाही. पण माठानंतर शेजारी माठ किंवा पालक नको. मधे मेथीचा किंवा शेपूचा वाफा येऊ द्या, आणि माठाचा नवा वाफा प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, शक्यतो वारा जिकडून येतो त्या बाजूला. शेवटची काढणी झाली की खुंट त्याच दिवशी उपटून खड्ड्यात. ‘दोन दिवसांनी गुरांना टाकू’ म्हणून ठेवलेल्या खुंटांवर पुढची पिढी पंख फोडते.

शेपू आणि कोथिंबिरीचा एखादा कोपरा फुलावर जाऊ द्या. त्या छत्रीसारख्या फुलांवर सिरफिड माश्या, ढालकिडे आणि बारीक गांधीलमाश्या मध-परागासाठी येतात आणि मावा व अळ्यांवर काम करतात. याचाही झाडाच्या प्रतिकारशक्तीशी संबंध आहे. अळीने कोबीचं पान कुरतडलं की त्यातून एक वेगळा वास सुटतो, आणि कोटेशियासारख्या, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या तो हुंगत अळीपर्यंत पोचतात. झाड अशा प्रकारे मदत मागतं, पण मदतीला येणारं कुणी आसपास जगलेलंच नसेल तर त्या वासाचा उपयोग काय? सरसकट कडक फवारणी झालेल्या शिवारात झाडाची ही ताकद वाया जाते. तुमच्या शेजारी टोमॅटोची मोठी लागवड आहे असं तुम्ही लिहिलंय, तिथल्या फवाऱ्यांचा परिणाम तुमच्या वाफ्यावर किती होतो हे वाऱ्यावर आणि अंतरावर अवलंबून आहे. बांधालगत मक्याच्या दोन ओळी लावल्यात तर थोडा आडोसा होईल. कडेने चार-दोन एरंड लावा. तंबाखूच्या अळीचा पतंग एरंडीच्या पानावर पुंजक्याने अंडी घालतो आणि वर तपकिरी केसांची चादर घालतो. तो पुंजका किंवा एकत्र बसलेल्या बारक्या अळ्या पानासकट तोडल्या की शेकडो अळ्यांचं काम एका पानात होतं.

निंबोळी अर्क म्हणजे दुसऱ्या झाडाची प्रतिकारशक्ती उसनी आणणं. पाच टक्क्यांचा करायचा तर पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, सकाळी गाळून, शंभर लिटर करा. तुमच्या क्षेत्राला याचा काही भागच लागेल. फवारणी संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला, आणि माठ चार पानांवर असतानाच. पानं गुंडाळली गेल्यावर आत औषध पोचत नाही. अर्काने मोठी अळी पटकन मरत नाही, तिचं खाणं कमी होतं आणि कात टाकताना ती अडते. म्हणून ‘काल मारलं, आज अळी तशीच’ म्हणून हिरमुसू नका. काढणीच्या आधी काही दिवस थांबवा, नाहीतर कडवटपणाची तक्रार येते. त्याहीपेक्षा, माठाच्या छोट्या वाफ्यावर पेरणीच्याच दिवशी बारीक जाळी कमानींवर ताणून टाका आणि कडा मातीत दाबा. बिनफवारणीच्या माठाला इतका खात्रीचा उपाय मला दुसरा माहीत नाही, पतंग आतच येत नाही.

ग्राहकांचं एक. ‘भोकं आहेत म्हणजे विषमुक्त’ असं काही घरांत मानतात. भोकं पडल्यावर घाबरून काल फवारलेली भाजीही भोकांचीच असते. आणि जाळीखालची माठाची जुडी नितळ असूनही बिनविषारी असते. हे त्यांना तुम्हीच सांगा, कधीतरी शेतावर बोलावून जाळी दाखवा.

कोबी लावायचाच असेल तर तो थंडीत, मोहरी सोबत घेऊन. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस अशी की कोबीच्या दर पंचवीस ओळींना मोहरीच्या दोन ओळी, एक कोबी लावण्याच्या पंधरा दिवस आधी आणि दुसरी लावणीनंतर पंचवीस दिवसांनी पेरायची. पतंग मोहरीकडे जास्त ओढला जातो. तुमच्याकडे कोबीच्या पंचवीस ओळी होणार नाहीत, तेव्हा चारी कडांना मोहरी फिरवली तरी चालेल. पण तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. अळ्या भरल्या की निंबोळी अर्क आधी मोहरीवर मारायचा, नाहीतर तीच किडीची रोपवाटिका होते. संध्याकाळी तुषारने पाणी दिलंत तर बारक्या अळ्या धुऊन पडतात आणि पतंगांच्या मीलनात व्यत्यय येतो. फेब्रुवारीनंतर मात्र कोबीची लागण करू नका. त्या जागेत अंबाडी आणि चुका घ्या, दोन्ही वेगळ्या कुळातल्या आहेत आणि उन्हाळ्यात तुमच्या घरांना आंबट भाजी हवीच असते.